नऊ नंबरचं नाक

मी एक जुना पितळी नळ आहे. ट्युनिशियातल्या आमच्या डोंगराळ गावात, शाळेच्या भिंतीवर राहतो. मित्रांनो, नळ म्हणवतो खरा, पण माझ्या तोंडातून पाण्याचा थेंब पडून कैक वर्षं झाली. एके काळी माझ्यापुढे बादल्यांची रांग लागायची. मग वर डोंगरात पाइप फुटला आणि मला कुणी हिंग लावूनही विचारेना.

विचारायची ती एकटी मुंजिया खाला, समोरच्या घरातली. दुखऱ्या गुडघ्यांनी ती खालच्या झऱ्यावरून पाण्याचे कॅन आणते आणि येता-जाता मला पुसते. तिचं म्हणणं सरळ आहे. नळ आहे तोवर पाइप दुरुस्त करा म्हणता येतं. नळच गेला, तर कचेरीतला साहेब म्हणेल, "तुमच्या गल्लीत नळ होता कुठे?"

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. आमच्याकडे अशा वेळी भिंतीवर चौकोन आखून त्यांत आकडे टाकतात. ज्याला जो आकडा, त्याने त्याच चौकोनात आपलं पोस्टर लावायचं. दुसरीकडे लावलं तर गुन्हा. रंगाऱ्याने काही न बघता चौकोन ओढले आणि मी सापडलो नऊ नंबरात. पोस्टर चिकटलं, तेव्हा मी उमेदवाराच्या बरोबर नाकाच्या जागी बाहेर आलो होतो.

गाव हसून हसून बेजार झालं. चहाच्या दुकानात दुसरा विषय नाही.

"मत कुणाला रे?"

"नळनाक्याला! बाकीच्यांची नाकं वर. याचं एकट्याचं जमिनीकडे आहे!"

नऊ नंबरचा प्रचार करणारा गाझी करवत घेऊन आला. खाला माझ्यापुढे स्टूल टाकून बसली. "आधी माझी मान काप, मग त्याची."

"खाला, साहेबांची अब्रू जातेय गं!"

"आणि माझे गुडघे जातायत, त्याचं काय?"

गाझी चरफडत चहा प्यायला गेला. तिथे बघतो तर ज्याच्या त्याच्या तोंडी नऊ नंबर! त्याला वाटलं, हवा आपलीच. परत येऊन त्याने मला लिंबू-मीठ लावून लख्ख घासलं. मग माझ्याबरोबर फोटो काढायला झुंबड. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! खाला मात्र एकच विचारायची, "पाणी कधी?"

"निवडून आल्यावर," गाझी सांगायचा.

मतदान झालं. आमच्या गावात नऊ नंबरला मूठभर मतं पडली. गाझी तणतणत पुन्हा करवत घेऊन हजर. "दगाबाज आहात सगळे! रोज साहेबांचंच नाव घेत होतात ना?"

"नाव नळाचं घेत होतो, बाळा," खाला म्हणाली. "तूच ते साहेबांचं समजलास."

गाझीने पोस्टर ओरबाडून काढलं आणि करवत काखोटीला मारून तो निघून गेला.

पोस्टरच्या खळीचा गोळा माझ्या तोंडात वाळून बसला होता. खालाने मतदानाच्या शाईने निळं झालेलं बोट आत घालून तो खरवडून काढला. "पाणी आलं तर अडायला नको," ती म्हणाली.

मित्रांनो, थेंब अजून आलेला नाही. पुढच्या निवडणुकीत माझ्यावर खुशाल कुणाचाही चेहरा लावा. तोंड तेवढं मोकळं ठेवा.