तीन-शून्य

मास्तरांच्या घरात चांगलं तोंडावर बोलायची रीत नव्हती. मूल जरा बाळसं धरू लागलं की आजी म्हणायची, "काय मेलं पाप्याचं पितर!" परीक्षेला निघालेल्या मुलाला आई दारातून ओरडून सांगायची, "जा, नापास होऊन ये!" आणि मुलगा पहिला यायचा. मनातली इच्छा उघडी टाकली की तिला दृष्ट लागते, म्हणून तिच्यावर उलट्या शब्दाचं झाकण ठेवायचं, एवढीच ती समजूत. मास्तर गणित शिकवत. सिद्ध केल्याशिवाय ते साधं समीकरणही पुढे सरकू देत नसत. पण या समजुतीला पुरावा मागावा असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. ती जीभ तशीच तोंडात घेऊन ते परदेशी शिकवायला गेले.

शाळेने दोन वर्षांच्या करारावर घेतलं होतं. दुसरं वर्ष सरत आलं होतं. कायम केलं, तर बायको आणि मुलगी तिकडे राहायला येऊ शकणार होत्या. नाही केलं, तर गाशा गुंडाळायचा.

"अहो, काय म्हणतायत शाळावाले?" बायकोने फोनवर विचारलं.

"काही खरं नाही. मला कुठले कायम करतायत!"

पलीकडून हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती ही बोली शिकली होती. पुढच्याच आठवड्यात तिने नोकरीचा राजीनामा दिला.

"राजीनामा? अगं, मी म्हणालो होतो ना, काही खरं नाही म्हणून?"

"म्हणालात म्हणून तर दिला! 'होईल बहुतेक' म्हणाला असतात, तर माझं धाबं दणाणलं असतं."

मास्तरही हसले. पण फोन ठेवल्यावर त्यांनी कराराचा कागद काढून शेवटची तारीख पुन्हा वाचली.

त्याच सुमारास फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली, आणि त्या देशाचा संघ कोणाच्या ध्यानीमनी नसताना एकेक सामना जिंकत वर चढला. खिडक्याखिडक्यांतून झेंडे लोंबू लागले. एरवी 'नमस्कार'च्या पुढे न जाणारा शाळेचा शिपाई गालांवर रंग फासून फाटकाशी उभा राहू लागला. मास्तरांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. व्यायामाच्या शिक्षकाने चहाचे कप टेबलावर मांडून त्यांना ऑफसाइड समजावलं.

"हा कप पुढे गेला. चालेल?"

"चहा सांडला नाही तर चालेल."

"तुझ्यापेक्षा तिसरीतली पोरं बरी!" त्याने कपाळाला हात लावला.

पण मास्तर अडकले. संध्याकाळी खोलीत एकटेच सामना बघताना ते खुर्चीवरून अर्धे उठायचे. गोल झाला की शेजारच्या भिंतीवर कोणीतरी थापा मारायचं, आणि मास्तरही मग इकडून हळूच दोन थापा मारायचे. त्या परक्या गावात त्यांचं कोणाशी एवढं बोलणं कधी झालंच नव्हतं.

उपांत्य सामन्याच्या दिवशी सकाळी सगळी शाळा सभागृहात जमली. प्रत्येक शिक्षकाने माइकवर येऊन निकाल सांगायचा होता. इतिहासाचे गुरुजी गरजले, "दोन-एक, आपण!" टाळ्या कडाडल्या. संगीताच्या बाई तर चार-शून्यावर गेल्या. मग मास्तर उठले. समोर रंगवलेल्या गालांचं अख्खं शेत होतं. त्या क्षणी त्यांना वाटलं, या पोरांचा संघ जिंकावा असं आपल्याइतकं इथे कोणालाच वाटत नसेल. परीक्षेच्या दिवशी दारात उभ्या आईला वाटत असे तसंच.

"आपण हरणार," ते ठासून म्हणाले. "तीन-शून्य."

सभागृहात चिडीचूप झालं. मागून कोणीतरी शीळ घातली. मास्तर समाधानाने खाली उतरले. आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं त्यांनी पोरांच्या पदरात टाकलं होतं.

संघ हरला. तीन-शून्य.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेवढेच दोन आकडे होते, फळाभर. मास्तरांनी ते पुसले. वर्गात कोणी हूं की चूं केलं नाही. शिपायाने मान वळवली.

"तुला कळलं होतं का रे आधी?" व्यायामशिक्षकाने विचारलं.

"छे! अरे, जिंकावं म्हणून तर मी तसं म्हणालो."

"जिंकावं म्हणून हरणार म्हणालास?" तो हसला खरा, पण आपला कप त्याने उचलून पलीकडे ठेवला.

दुपारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. बाई सरळ स्वभावाच्या होत्या.

"खेळाचं सोडा, मुलं आठवड्यात विसरतील. पण त्यावरून एक गोष्ट वर आली. तुमच्या पहिल्या बाकावरची ती मुलगी काल वर्गशिक्षिकेला म्हणाली, सरांना आम्ही हरलेलेच आवडतो. प्रत्येक चाचणीआधी तुम्ही तिला सांगता, तू नापास होणार. खरं आहे?"

मास्तर त्या मुलीला मनातल्या मनात खारूताई म्हणत. गणित समोर पडलं की ती खारीसारखी कुरतडून मोकळी व्हायची. सगळ्यात लाडकी, म्हणून तिला सगळ्यात जास्त वेळा 'नापास होणार'.

त्यांनी सांगितलं सगळं. आजीचं, आईचं, झाकणाचं. बोलता बोलता आपलंच आपल्याला पोरकट वाटू लागलं. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही.

"म्हणजे तिने पास व्हावं, म्हणून?"

"पहिली यावी, म्हणून."

"हे तिला कोणी सांगितलं होतं?"

घरी ते कोणाला सांगावं लागत नसे.

"तिने पुढच्या वर्षासाठी गणित सोडलंय," बाई म्हणाल्या. मग जरा पुढे वाकल्या. "मला एकच सांगा. तुम्हाला इथे राहायचंय?"

एका अक्षराचं उत्तर होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही. पण बायकोचा राजीनामा, लेकीने मैत्रिणींना सांगून ठेवलेलं, सगळं त्या अक्षरावर टांगलं होतं. ते उघडं टाकायचं? आत्ता? ऐन घटकेला?

"मला कोण ठेवून घेणार इथे!" ते म्हणाले.

बाई बराच वेळ थांबल्या. काही वेगळं येईल म्हणून थांबल्या असाव्यात.

"मग मलाही तसंच वाटतं," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "या वर्षअखेर आपण थांबू या."

जिन्यात खारूताई भेटली. ती भिंतीला चिकटून वाट देऊ लागली.

"गणित सोडू नकोस," मास्तर म्हणाले. जीभ जड झाली होती. "तुला येतं ते. छान येतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "आता का सांगताय, सर?" म्हणाली आणि खाली उतरून गेली.

खोलीवर येऊन त्यांनी फोन लावला. बाहेर कोणीतरी शिडीवर चढून दिव्याच्या खांबावरचे झेंडे सोडवत होतं.

"नाही केलं गं कायम," ते म्हणाले.

"अगं बाई! झालं वाटतं!" बायको ओरडलीच. "ए, इकडे ये, बाबांना नाही केलं कायम! तोंड गोड कर!" मागे लेकीच्या उड्यांचा धपधप आवाज आला.

"अगं, खरंच नाही केलं."

"हो हो. आणखी वाईट बोला, माझ्या जिवाला बरं वाटू दे. हाकललं म्हणा!"

"हाकललं."

"बघ, बघ, कसे बोलतायत!" तिला हसू आवरेना. "अहो, मग सामान कधी बांधू?"

मास्तरांनी डोळे मिटले. त्या घरात खरं सांगायला एकच वाट उरली होती. त्या वाटेने ते आयुष्यात कधी गेले नव्हते.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "सगळं चांगलं होईल."

पलीकडचं हसू मध्येच तुटलं. लेकीच्या उड्या थांबल्या.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, "काय झालं?"