गुळाची ओळ

इंदापूरच्या एसटी स्टँडवर दादासाहेबाला गाडीची वेळ कुणी विचारायचं नाही. बारामतीची गाडी समोर उभी असली तरी हा म्हणणार, "आत्ताच गेली की." विचारणारा कपाळाला हात लावून पिशवीवर बसला की हाच त्याला उठवणार, गाडीत नेऊन बसवणार आणि खिडकीतनं चहाचा कप आत देणार. स्टँडसमोर त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या, आणि मोटारीबरोबर आलेला माणूस एक तरी थाप खाऊन जायचा. चाळिशी उलटली, मिशीत पांढरं आलं, तरी कुणाची खोडी काढल्याशिवाय दादासाहेबाला जेवण गोड लागायचं नाही. त्याचा नियम सोपा होता. खोडी काढायची, माणूस चिडला की चहा पाजायचा, विषय संपला.

जगात एकाच माणसाच्या वाटेला तो जायचा नाही. ती म्हणजे बारामतीची त्याची वैनी, आक्काबाई.

आक्काबाई लग्न होऊन आली तेव्हा दादासाहेब शेंबडा पोरगा होता. घरात मेंढरं होती आणि सासू बनाबाई त्यांच्यामागं रानोमाळ. तेव्हा या धाकट्या दिराला भाकरी घालणं, त्याचं नाक पुसणं, कान धरून शाळेत पोचवणं हे सगळं वैनीनंच केलं. पुढं मेंढरं गेली, बारामतीत घर झालं, थोरला भाऊ वारला. पण दर अमावस्येला दादासाहेब इंदापूरहून निवदाच्या पोळ्या खायला यायचा तो यायचाच.

त्या निवदाचा या घरात एक रिवाज होता. बिरोबाला ताट दाखवल्याशिवाय सैपाकातलं काही जिभेला लावायचं नाही. बोटाला लागलेलंसुद्धा धुऊन टाकायचं. म्हणजे मीठ किती, गूळ किती, डाळ शिजली का, सगळं वासावर आणि हाताच्या अंदाजावर. आक्काबाईनं उभ्या जन्मात निवद चाखून केला नाही आणि उभ्या जन्मात तो बिघडला नाही. तिला कसला गर्व नव्हता. असलाच तर हा एवढाच.

तर नव्व्याण्णव सालची गोष्ट. आक्काबाईची पोरगी छकुली तेव्हा अमेरिकेत होती. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर गोंधळणार अशी हूल उठलेली, आणि ते ठीकठाक करायला जी पोरं तिकडं गेली त्यांत छकुलीचा नवरा होता. छकुली शिकलेली, लाडाची. माहेरी कधी चुलीपुढं बसली नाही. तिकडं गेल्यावर तिला आईच्या हातची आठवण यायला लागली. पण आमटी कशी करायची हे फोनवर विचारावं, तर फोन आमटीपेक्षा महाग पडायचा.

यावर तोड काढली तिच्या भावानं, नागेशनं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि नुकतंच त्यानं इंटरनेट घेतलं होतं. फुकट जागा देणाऱ्या एका ठिकाणी त्यानं आईच्या नावानं वेबसाइट काढली, 'आक्काची चूल'. हळदीसारखी पिवळीधमक, वर लाल अक्षरं डावीकडनं उजवीकडं पळतायत, खाली किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. आक्काबाई सांगायची आणि नागेश इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा, कारण छकुलीच्या कॉम्प्युटरवर देवनागरी दिसायची नाही.

साइट सुरू केली त्या दिवशी मॉनिटरला हळदीकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला. दादासाहेब होताच.

"आता पासवर्ड ठेवायचा," नागेश म्हणाला. "कुलपाच्या चावीगत असतोय. आई, शब्द तू सांग."

"देवाच्या नावाबिगर दुसरा कुठला शब्द आसंल?" आक्काबाई म्हणाली.

मग नागेशनं 'चांगभलं' टाइप केलं आणि सगळं घर एका आवाजात बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणालं. दारात दूध घालायला आलेला माणूससुद्धा म्हणाला.

"नागेश," दादासाहेबानं विचारलं, "चावी आशी गल्लीला वाटत्यात व्हय?"

"काका, कुणाला काय कळतंय त्यातलं? कुणाचा बाप आत शिरू शकत न्हाय."

हे वाक्य नागेशनं बोलायला नको होतं. दुसऱ्या कुणापुढं बोलला असता तर चाललं असतं.

दादासाहेबाच्या दुकानाशेजारी लग्नपत्रिका छापणाऱ्याचं डीटीपीचं दुकान होतं. तिथं बसून बसून त्याला अक्षरं उचलून इकडची तिकडं करायला चांगलं जमायचं. होळीच्या आधी तो बारामतीत आला, नागेश बँकेत गेलेला, क्लास रिकामा. मोडेमनं किर्रकिर्र करून लाइन धरली. दादासाहेबानं चांगभलं टाकलं आणि कुलूप उघडलं.

आता करायचं काय? शिवी लिहावी तर घरच्या बायका बघणार. त्यानं पुरणपोळीचं पान काढलं. डाळ मऊ शिजवा, पाणी काढा, मग गूळ घाला, असं ओळीनं लिहिलं होतं. त्यानं गुळाची ओळ अलगद उचलली आणि डाळ शिजवायच्या वर नेऊन ठेवली. झालं. गुळात हरभऱ्याची डाळ कधी शिजत नाही, दिवसभर जाळ घाला, दाणा कच्चाच, हे शेंबड्या पोराला माहीत. नागेशची बायको कधीतरी ते पान बघेल, नवऱ्याला म्हणेल, काय लिहून ठेवलंय हे, मग नागेश डोकं खाजवत फिरेल, आणि मग आपण चहा मागवून सांगू की कुणाचा बाप आत शिरला होता.

तो इंदापूरला परत गेला. तिथं एका ठेकेदाराच्या मोटारीत बेडूक घालून ठेवायचा बेत चालू होता. दादासाहेबाच्या डोक्यात एका वेळी एकच खोडी मावायची. गुळाची ओळ तो विसरून गेला.

पाडव्याच्या आदल्या अमावस्येला तो आला तो सरळ मागच्या पडवीत. निवदाचा सैपाक तिथं चुलीवर व्हायचा. पातेल्यात डाळ रटरटत होती आणि वैनी पाठमोरी बसली होती. तिनं पळीनं डाळ उचलली, दोन बोटांत एक दाणा दाबला, थांबली, आणि तो तोंडात टाकला.

दादासाहेबाला वाटलं आपली नजर चुकली. पण तिनं परत एक टाकला.

"काय वैनी," तो म्हणाला, "आज देवाच्या आधीच पंगत बसली व्हय?"

आक्काबाई दचकली. तिनं पळी खाली ठेवली. हसली नाही, रागावलीही नाही. आत बघून म्हणाली, "ए पोरी, मीठ घातलंय का गं म्या?"

"घातलंय आत्याबाई. आता नका घालू," आतनं सून म्हणाली. मग बाहेर येऊन तिनं दादासाहेबाला खुणेनं बाजूला घेतलं.

"काका, त्यांची चेष्टा नका करू. त्यांचं इसरायला व्हायला लागलंय."

"कुणाचं? वैनीचं? कवापास्नं?"

"होळीपास्नं. वन्संनी तिकडं लोकं बोलावली हुती पुरणपोळीला. आपलं पान बघून केलं सगळं. डाळ काय शिजंना. गूळ आधी घातलेला. लोक भात खाऊन गेले. वन्सं रडत फोनवर, की आई, तू आसं कसं सांगितलंस?"

दादासाहेबाला आधी हसू फुटलं. ते त्याच्या हातात नव्हतं. कच्च्या डाळीचं पातेलं आणि भोवती सूटबूटवाली माणसं, हे डोळ्यापुढं आलं आणि नाकातनं फुर्रकन हवा गेली. मग सून पुढं बोलायला लागली आणि हसू तिथंच वाळलं.

"ह्यांनी पान काढून बघितलं तर खरंच तसं. हे म्हणाले, मी आई सांगंल तसंच लिवतोय, शब्द इकडचा तिकडं करत न्हाय.  रात्री आत्याबाई मला म्हणाल्या, सासूबाईचं बी आसंच सुरू झालं हुतं."

बनाबाईचं शेवटचं दादासाहेबानं बघितलं होतं. म्हातारी चुलीपुढं बसून चुलीलाच सुनेच्या नावानं हाक मारायची आणि चूल ओ देत नाही म्हणून रुसायची.

"मग पुण्याला डॉक्टरकडं न्हेलं," सून म्हणाली. "त्यांनी इचारलं आज तारीख काय. आत्याबाईंनी तिथी सांगितली, नक्षत्र सांगितलं, चांद कवा उगवंल ते बी सांगितलं. तारीख काय सांगता आली न्हाय. गोळ्या दिल्यात. आन काका, खरंच हो, आता चुकतात. परवा भाजीत दोनदा मीठ पडलं. घातलं का न्हाय, घातलं का न्हाय, आसं करत परत घालत्यात."

दादासाहेब तिथनं निघाला तो पुढच्या खोलीत गेला. नागेश पोरांना शिकवून नुकताच हातपाय धुवायला आत चालला होता. तो वळल्यावर दादासाहेब कॉम्प्युटरपुढं बसला. ओळ खाली ठेवायची, आणि मग म्हणायचं, अरे नीट बघा, बरोबर तर लिहिलंय, त्या छकुलीनंच उलटं वाचलं असंल. कुणाला चहासुद्धा पाजायची गरज नाही. एवढा सरळ बेत त्यानं आयुष्यात केला नव्हता.

चांगभलं टाकलं. कुलूप उघडलं नाही. परत टाकलं. अक्षरं बोटानं मोजून, हळूहळू, तिसऱ्यांदा टाकलं.

"काका? काय करताय?"

नागेश दारात हात पुसत उभा होता.

"पासवर्ड चालंना हा."

"बदललाय. पेपरात आलं हुतं, कुणाकुणाच्या साइटी फोडल्या म्हणून. आता अक्षरं, आकडे, सगळं मिसळून ठेवलाय. बायकूला बी सांगितला न्हाय." तो खूश दिसत होता. मग त्याचं लक्ष पडद्याकडं गेलं. "पन तुमाला कशाला पायजे?"

थाप मारायला दादासाहेबाला कधी क्षणभर लागला नव्हता. आज तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. "गुळाची वळ मी वर न्हेली, नागेश," तो म्हणाला. "तुझी जिरवायची म्हणून. तू बँकेत गेला हुतास तवा."

नागेश आधी हसला, त्याला वाटलं ही पण खोडीच. काकाचं तोंड बघून त्याला खरं कळलं. खुर्ची ओढून बसला, हात तसेच ओले.

"मी आईला म्हणालो, तू असंच सांगितलंस," तो म्हणाला. "दोनदा म्हणालो. मोठ्यानं."

"तुझी काय चूक न्हाय त्यात."

"मग कुनाची? काका, एकदा फोन करून सांगायचं हुतं. एक फोन. चार लोकांत माझी आब्रू काढली असती तरी चाललं असतं."

दादासाहेबानं मान खाली घातली. "चल," तो म्हणाला. "दोघं मिळून सांगू."

पडवीत आक्काबाई तशीच चुलीपुढं होती. दादासाहेब तिच्याजवळ खाली बसला. लहानपणी तिथंच बसायचा, भाकरी फुगायची वाट बघत. त्यानं सगळं सांगितलं. चांगभलं टाकल्यापासनं ते ओळ उचलली तिथपर्यंत. नागेशनं मध्ये मध्ये सांगितलं की आई, खरंय, असं करता येतं, काकाला येतं ते.

आक्काबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग लेकाकडं बघितलं, दिराकडं बघितलं, आणि तिच्या तोंडावर अशी माया आली की दादासाहेबाला उठून पळावंसं वाटलं.

"दोघं ठरवून आलाय," ती म्हणाली.

"न्हाय वैनी. बिरोबाची आण."

"देवाला मधी घिऊ नगं, दादा. तुझं ल्हानपणापास्नं आसंच. माझ्या चुकीनं मेंढीचं पिल्लू लांडग्यानं न्हेलं, आन तू सासूबाईला सांगितलंस की मीच वाघरीचं जाळं उघडं ठिवलं. माझ्यापायी मार खाल्लास."

"ते खोटं हुतं. हे खरं हाय."

"तवा बी आसंच म्हणाला हुतास," आक्काबाई म्हणाली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "एवढं कशाला करतोस? म्हातारपण कुनाला चुकलंय? सासूबाईला तर कुनी आसं समजवायला बी न्हवतं."

नागेश म्हणाला, "आई, पुढं चल, मी तुला दावतो, जुनं पान कसं हुतं आन..."

"मला वाचता येतंय व्हय रं?"

 चुलीतलं लाकूड कलंडलं, ते तिनं हातानं आत सारलं. ते करताना तिचा हात कुठं अडखळला नाही, दादासाहेब बघत होता.

आत देवापुढं दिवा लागला होता, ताट मांडून ठेवलेलं. डाळीचं पाणी आटत आलं होतं आणि दाणे फुटून पिठागत झाले होते. वास सांगत होता की मघाशीच उतरवायला पाहिजे होती. आक्काबाईनं गुळाचा खडा हातात घेतला. पातेल्यावर धरला, परत खाली ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "हाईस तर बघ जरा. शिजली का? घालू गूळ?"

दादासाहेबानं दाणा बोटात धरला. धरताच त्याचं पीठ झालं.

"शिजलीया वैनी. घाला."

तिनं ऐकून खडा उचलला, पण घातला नाही. खडा हातातच ठेवून तिनं त्याच्या खांद्यावरनं आत, सुनेकडं बघितलं. सुनेनं पुढं येऊन पातेल्यात डोकावलं, मान हलवली. तेव्हा कुठं आक्काबाईनं गूळ घातला.