सावलीची वीट

दोन हजार बारा सालची ही गोष्ट आहे, मित्रांनो. त्या वर्षी एका आईने आपलं पाडलं गेलेलं घर पुन्हा बांधायला घेतलं आणि त्या घराची जवळजवळ प्रत्येक वीट माझ्या पाठीवर हात ठेवून बसवली गेली.

मी एक जुना माउस आहे. संगणकाशेजारी शेपटीसारखी वायर घेऊन बसणारा. मला डोळे नाहीत. पोटाखाली एक तांबडा दिवा आहे, त्याच्या उजेडात पायाखालचं टेबल दिसतं, तेवढंच. पडद्यावर आणि भोवती काय चाललं आहे ते मी माणसांच्या बोलण्यावरून आणि त्यांच्या तळहातावरून ओळखतो. राग आला की बोटं आपटतात, भीती वाटली की तळवा ओला होतो, आणि कंटाळा आला की माणूस मला उगाच गोल गोल फिरवतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईने पोटात दिवा बसवला, दुसरीने शेपटी जोडली. तिसरीने माझी बटणं कानाशी धरून दाबली आणि शेजारणीला म्हणाली, "हा बोलका आहे गं!" मग मला खोक्यात घातलं. किती अंधार तो! वाटलं, आपली गोष्ट सुरू होण्याआधीच संपली.

खोकं उघडलं ते एका छोट्या कचेरीत. तिथे संगणकावरचे खेळ तयार होत. ज्या मुलीच्या टेबलावर मी आलो तिला घरी थोरली म्हणत, म्हणून मीही थोरलीच म्हणतो. ती आणि तिचे सोबती विटांचा एक खेळ बनवत होते. त्यात मोकळं मैदान असे आणि हव्या तेवढ्या विटा. ज्याला जे बांधावंसं वाटेल ते त्याने बांधावं. हार नाही, जीत नाही. त्या खेळातली पहिली वीट माझ्याच बटणाने ठेवली. "बसली, बसली!" म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कचेरीचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बसली खरी, पण विहिरीत!" कारण वीट नेमकी कुठे जाऊन बसेल याचा तेव्हा काही नेम नसे.

तरी ते माझे कौतुकाचे दिवस होते. थोरली मला रोज सकाळी रुमालाने पुसायची. मग एके दिवशी बिनशेपटीचा, चकचकीत माउस आला. मी खणात गेलो. तिथे वाळलेली पेनं, एक बिनकुलपाची किल्ली आणि मी. वर टेबलावर नव्याचा आवाज ऐकू येई. तो माझ्यासारखा बोलका नव्हता, एवढंच काय ते माझं समाधान.

थोरलीने मला खणातून काढलं ते तिच्या आईसाठी.

आई पूर्वी इस्पितळात परिचारिका होती. रडणाऱ्या बाळांनाही कळू नये इतक्या हलक्या हाताने सुई टोचण्यात तिचा हातखंडा होता म्हणे. आता त्याच हातांना कंप सुटला होता. कपबशी तिच्या हातात वाजायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की औषधाने हा कंप आवरता येईल, पण कायमचा जाणार नाही; पुढे वाढतच जाईल.

"हा उंदीर चावत तर नाही ना?" आईने मला पाहून विचारलं.

"आई, त्याला माउस म्हणतात."

"तेच ते. शेपूट दिसतंय मला."

तिचा तळवा माझ्यावर टेकला आणि मी दचकलो. इतका हलका, इतका थरथरता हात मी कधी अनुभवला नव्हता. पाखरू बसावं तसा.

आता तिला हा खेळ कशाला हवा होता ते सांगतो. तिचा धाकटा मुलगा नोकरीसाठी साता समुद्रापार गेला होता आणि कैक वर्षांत आला नव्हता. दर रविवारी फोन करायचा, पण बोलणं आटत आटत "जेवलीस का, औषध घेतलंस का" एवढ्यावर आलं होतं. एकदा थोरली सहज म्हणाली, "आमच्या खेळात तोही येऊ शकतो, आई. तिकडून इकडे. तिकीट नको, रजा नको."

आई विचारात पडली. म्हणाली, "येईल गं, पण कुठे येईल? मैदानात? यायला घर नको का?"

त्यांचं घर रुंद रस्त्यासाठी पाडलं गेलं होतं. मुलांच्या वडिलांनी ते स्वतःच्या हातांनी, सुटीच्या दिवसांत बांधलं होतं. आईने विटा हातात दिल्या होत्या. घर गेलं आणि मागोमाग वडीलही गेले. फोटो होते, पण सगळे दारात उभं राहून काढलेले. आतलं घर एकट्या आईच्या डोक्यात राहिलं होतं. तेच तिला हात ऐकतोय तोवर बांधायचं होतं. धाकटा येईल तेव्हा तो त्याच्या घरी यावा, एवढीच तिची इच्छा होती.

पण वीट काही केल्या जागेवर बसेना. बटण दाबलं की वीट पडे. हात थरथरला की एकीच्या दोन पडत. उंबऱ्याची वीट भिंतीला चिकटे, भिंतीची हवेत लटके. आई ती फोडी, पुन्हा ठेवी, पुन्हा फोडी. सकाळभर बसून एक उंबरा झाला नाही.

"दे इकडे, मी पटकन बांधून देते," थोरली म्हणाली.

"तू बांधलंस तर ते तू बांधलेलं होईल," आई म्हणाली. "तू आपली भाजी बघ, करपतेय."

थोरलीने भाजी बघितली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन खेळ उघडून बसली. बरेच दिवस खपून तिने एक युक्ती काढली. आता वीट एकदम पडत नसे. आधी तिची फिकट सावली दिसे: मी इथे बसणार आहे, चालेल का? हात हलला की सावलीही हले. जागा मनासारखी वाटली की बोट उचलायचं, मग वीट बसे. दाबल्यावर नव्हे, बोट उचलल्यावर. थरथरणाऱ्या हाताला दाबणं आवरत नाही, पण उचलणं जमतं.

आईने पहिली सावलीची वीट बसवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शहाणा झाला गं तुझा उंदीर!" माझा यात काही हात नव्हता, पण मी कौतुक घेतलं. खणात इतके दिवस काढल्यावर कोण सोडेल?

उंबरा झाला. ओटी झाली. आई बांधता बांधता बोलायची. इथे सायकल असायची, इथे तुझा भाऊ रुसून बसायचा. माझ्या पाठीवरचा हात तेव्हा थरथरत असे, पण घाबरलेला नसे.

इथेच थोरलीची चूक झाली. आईने बांधलेली स्वयंपाकघराची भिंत तिने पाहिली. भिंत मध्येच एका विटेने बाहेर आलेली, पुढे परत आत गेलेली. थोरलीला वाटलं, बिचारीचा हात घसरतो. तिने कोणाला न विचारता खेळात आणखी एक सोय घातली: ओळीबाहेर गेलेली वीट खेळाने आपणहून ओढून ओळीत घ्यायची. साहेब खूश झाले. "वा! आता आंधळासुद्धा सरळ भिंत बांधेल."

त्या संध्याकाळी आई बांधायला बसली. तिने वीट बाहेर ठेवली. खेळाने ती आत ओढली. पुन्हा बाहेर ठेवली, पुन्हा आत. तिचा तळवा ओला झाला. मग तो माझ्यावरून उठला आणि कितीतरी दिवस परत आलाच नाही. माझ्यावर धूळ बसली.

"आई, खेळत का नाहीस?" थोरलीने शेवटी विचारलं.

"दमते गं."

"आता तर किती सोपं केलंय! भिंत आपोआप सरळ होते."

"हो ना." आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आपली सरळ नव्हती."

"म्हणजे?" थोरलीने विचारलं.

"पाया खणताना खाली खडक लागला होता. तुझे बाबा पहार घेऊन त्याच्याशी भांडले, खडक हलेना. मग म्हणाले, हा काही जात नाही, आपणच वळसा घालू. भिंत वाकवली त्यांनी. मी दोरी धरून उभी होते. तिथून आत जाताना सगळे अंग चोरून जायचे. तू तर रोज कोपर आपटून घ्यायचीस!"

थोरलीचा हात नकळत आपल्या कोपरावर गेला. ती शिकायला लवकर घराबाहेर पडली होती, नंतर सरळ भिंतींच्या घरांतच राहिली होती. तिला खरंच आठवत नव्हतं. ती खुर्ची ओढून आईशेजारी बसली आणि म्हणाली, "अजून काय काय वाकडं होतं, सांग बरं."

दुसऱ्या दिवशी तिने ती सोय काढली. साहेब वैतागले. "अहो, इतकं सरळ केलेलं पुन्हा वाकडं करायचं? लोक हसतील!"

"ज्यांना सरळ हवं त्यांच्यासाठी वेगळं बटण ठेवते," थोरली म्हणाली. "पण वीट कुठे बसायची ते हात ठरवेल. आपण नाही."

आणि तिने सावलीला थांबायला शिकवलं. हात थरथरत असेल तर सावली त्याच्यामागे धावत नसे. हात जिथे जास्त वेळ रेंगाळे तिथे ती स्वस्थ उभी राही. भिंत पुन्हा वाकली. आई त्या दिवशी जेवायलासुद्धा उठेना.

छप्पर सोडून सगळं झालं तेव्हा एका रविवारी धाकट्याला बोलावलं. फोन टेबलावर, माझ्या शेजारीच ठेवला होता. त्याचा आवाज आधी हसरा होता. "काय गं ताई, आईला खेळायला लावलंस?" मग फोनमधून त्याच्या बटणांची टिकटिक ऐकू आली. उंबरा ओलांडून ओटीवर आला असावा.

"आई," तो हळूच म्हणाला, "इथून मी अंग चोरून जातोय गं. खुर्चीत बसल्या बसल्या."

आईच्या हातून मी सुटलोच.

"छप्पर राहिलंय का? सांग, मी घालतो," तो म्हणाला.

"तू काही करू नकोस. तू नुसता थांब तिथे. मी घालते."

तो थांबला. आई एकेक वीट ठेवत राहिली आणि खाली स्वयंपाकघरात तो उभा राहून बोलत राहिला. औषधाचं नव्हे, आपल्या तिकडच्या साहेबाचं, बर्फाचं, मोडलेल्या लग्नाचं, जे त्याने कधी सांगितलं नव्हतं ते. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

आता एक गोष्ट सांगतो, जी फक्त मला ठाऊक आहे. काही रविवारी आईचा हात अगदी स्थिर असे. औषध लागू पडलेलं असे. तशा दिवशी पुष्कळ विटा सहज झाल्या असत्या. पण ती सावली इकडे तिकडे फिरवत बसे, एकच वीट ठेवी आणि म्हणे, "आज एवढंच रे. बाकीचं पुढच्या रविवारी."

छप्पर शेवटपर्यंत पुरं झालं नाही.

धाकटा एका उन्हाळ्यात खरोखरच आला, तिकीट काढून. महिनाभर आईच्या उशाशी बसला आणि तिला चमच्याने भरवलं. आई त्यानंतरच्या थंडीत गेली. तो परत गेला, नव्याने संसार थाटून तिकडेच रमला. आता त्याची लहानगी त्या घराच्या ओटीवर बाहुली बसवते आणि आत जाताना कोपर आपटल्यासारखं खोटं खोटं ओरडते. साहेबांनी कचेरी बंद केली, ते आता मुलांना पोहायला शिकवतात. थोरलीचे केस पांढरे होऊ लागले आहेत. ती अजून खेळ बनवते आणि कोणतीही सोय घालण्याआधी चार जणांना विचारते. सावलीची वीट त्या खेळात आजही आहे.

आणि मी? माझी शेपटी सोलवटली आहे, दिवा मिणमिणतो. थोरलीने मला कपाटात ठेवलं आहे, आईच्या चष्म्याशेजारी. नवा संगणक मला ओळखत नाही. पाखरासारख्या त्या हाताची मात्र फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा हात थरथरत असेल तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. थोडं थांबा. जमेल त्याला. आणि खेळता खेळता कधी तुम्हाला वाकड्या भिंतीचं एक घर लागलं, तर खुशाल आत जा, ओटीवर बसा. स्वयंपाकघरावरचं छप्पर तेवढं उघडं आहे. ते मात्र कोणी बुजवू नका.