मोरीमागचा अननस

माझ्या आधी आईची दोन लेकरं गेली, म्हनून काळानं तोंड लावू नये आसं माझं नाव ठेवलं कडूबाई. आईला कुनी इचारलं न्हाई, बाई, तू काय खाल्लं हुतंस. मी मातर माझ्या सुनंला इचारलं. चार बायांच्या देखत इचारलं.

सून म्हंजी दिपाली, काष्टीची. आमी कर्जतकडचे, ज्वारी-कांद्याची मानसं. माझा ल्योक अजिनाथ तवा सुप्याला कंपनीत लागला हुता. दिवाळीला त्यानं येताना अननस आनला. सगळ्यांनी खाल्ला, आन् दिपालीनं त्याचा शेंडा काई टाकू दिला न्हाई. दोन-चार दिस सावलीत सुकवला, तेलाच्या डब्याला खालून भोकं पाडली, माती, वाळू, शेळीच्या लेंड्या घातल्या आन् लावला. मी हसले. म्हनलं, "आगं, शेंड्याला कुठं झाड येतं व्हय? उद्या कांद्याचं टरफल लावशील!"

"बघत ऱ्हावा आत्या," म्हनली.

पाच-सा म्हैन्यात ही भली मोठी पानं फुटली. कडंला काटे, मधी वाटीवानी खोलगट. त्या वाटीत ती थोडंथोडंच पानी घालायची. लई घातलं तर मूळ कुजतं म्हनायची. ऊन तापायला लागलं तशी तिनं माझ्या जुन्या लुगड्याची त्याला सावली केली.

चैतात तिला तिसरा म्हैना हुता, आन् पोट पडलं.

डॉक्टरीन म्हनली, आसं हुतं कधीकधी, कुनाचा दोष न्हाई. पर माझ्या डोक्यात तो डबा बसला. गरवार बाईनं अननस खाऊ न्हाई हे आमच्याकडं शेंबडं पोरगं बी सांगल. आन् मी आपला हिशोब लावला ज्वारीचा आन् कांद्याचा. चार म्हैन्यात पीक हाताशी येतं. मग सा म्हैन्याच्या या झाडाचं फळ गेलं कुठं? हिनंच खाल्लं गुपचूप! उचलली जीभ लावली टाळ्याला. भेटायला आलेल्या बाया ओट्यावर बसल्या हुत्या, त्यांच्या म्होरं म्हनलं, "जिभंच्या चवीपायी लेकरू खाल्लंस तू."

"आत्या, त्याला आजून फळच आलं न्हाई," ती म्हनली.

"वर खोटं बोलती!"

ती उठून आत गेली. तिसऱ्या दिशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. मी अजिनाथला बजावलं, चूक कबूल करून येऊ दे, तवर आनायला जायचं न्हाई. त्यानं माझं ऐकलं. ऐकायला नको हुतं त्यानं. वर्सानं फारकत झाली. म्होरल्या वर्सी तिला दुसरीकडं दिली आसं कानावर आलं. अजिनाथ सुप्यातच खोली घेऊन ऱ्हातो. दुसऱ्या लगनाचं काढलं की फोन ठेवून देतो.

डबा मी ती गेली त्याच दिशी मोरीमागं फेकला हुता. मरल आपोआप, म्हनलं. पर मोरीच्या पान्याची ओल त्याला मिळत ऱ्हायली. यंदा माघात गवऱ्या आनायला मागं गेले, तर पानांच्या मधी मुठीयेवढा लाल गड्डा. त्याच्यावर जांभळी बारीक फुलं. म्हंजी फळ आत्ता धरतंय?

कर्जतला खताच्या दुकानात काकासाहेब बसतो, त्याला इचारलं. तो म्हनला, "मावशी, शेंड्यापासनं लावलं तर पहिल्या फळाला दोन वर्सं लागत्यात. कधी जास्ती बी. आन् एका झाडाला फळ एकच. ते दिलं की झाड सरतं, बुडाचे फुटवे तेवढे ऱ्हात्यात."

मी दुकानाच्या पायरीवरच बसले. पोरगी खरं बोलत हुती. सा म्हैन्याच्या झाडाला कुठनं आलं आसतं फळ?

मग पाच म्हैने मी त्या झाडाची सेवा केली. डबा उभा केला, माती भरली, तिच्यासारखंच वाटीत थोडंथोडं पानी घातलं. खारी कुरतडतील म्हनून फळावर कांद्याची जाळीची गोनी बांधली. बैल गेला आन् झोपा केला, दुसरं काय. कळत हुतं, तरी करत हुते. एकच मनात हुतं, हे फळ तिच्या हातात द्यायचं, माझी चूक कबूल करायची, आन् तिनं माझ्या हातची एक फोड खायची. बस, येवढंच.

आषाढात फळ बुडापासनं पिवळं झालं. अजिनाथ तिकडची खबर अजून ठेवतो, त्याच्याकडनं कळलं, दिपाली म्हायेरी आली हाय. फळ पिशवीत घातलं आन् यष्टीनं काष्टी गाठली.

दार तिच्या आईनं, छबूबाईनं उघडलं. या म्हनली न्हाई. मागनं दिपाली आली, तिनंच पानी दिलं. मी पिशवीतनं फळ काढलं.

"त्याच झाडाचं हाय. पहिलंच. तू खरं बोलत हुतीस पोरी. मी चुकले. लई चुकले."

तिनं फळाकडं बघितलं. डोळे भरले तिचे. "मी तवाच सांगत हुते, आत्या," म्हनली. अजून आत्याच म्हनली.

मी तिचा हात धरला. "एक फोड खा माझ्या हातची. घरातली इळी आन."

तिनं हात सोडवला आन् पदर पोटावर वढला. तवा माझ्या ध्यानात आलं. पाचवा आसंल.

"डॉक्टर म्हनत्यात, काई हुत न्हाई," ती म्हनली, "पर तुमचं त्या दिशीचं बोलनं अजून माझ्या कानात हाय. वास आला तरी छातीत धडधडतंय. मला न्हाई चालायचं, आत्या."

छबूबाईनं फळ उचललं आन् माझ्या पिशवीत परत ठेवलं.

यष्टीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. वास सगळ्या गाडीभर सुटला हुता. कंडक्टर तिकीट फाडता फाडता हसला. "मावशी, लेकीला अननस घेऊन चाललाव व्हय?"

"न्हाई बाबा," म्हनलं, "माघारी घेऊन चालले. तिला चालत न्हाई."