आतलं सगळं धरून

मी एक स्टिकर बोलतोय. अंगठ्याच्या नखाएवढा, चंदेरी रंगाचा. लॅपटॉप उलटा केला की मधल्या स्क्रूच्या डोक्यावर बसलेला दिसतो ना, तोच. माझ्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'हे सील काढल्यास वॉरंटी रद्द होईल.' तुम्ही माझ्या भाऊबंदांना शंभरदा पाहिलं असेल आणि एकदाही वाचलं नसेल. पण ज्या बाईंची ही हकिगत आहे, त्यांनी मला चष्मा लावून दोनदा वाचलं होतं.

माझा जन्म कारखान्यात, एका लांबलचक रिळावर झाला. एका कामगार बाईने मला चिमट्याने उचललं, स्क्रूवर ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. माझ्या पोटात तेव्हाच एक शब्द छापून ठेवलेला होता. मला सोललं की तो उमटणार. शब्द होता, 'रद्द'. म्हणजे जन्मभरात मला एकदाच तोंड उघडायचं होतं, आणि ते कधी उघडावं लागू नये म्हणूनच मला पहाऱ्यावर बसवलं होतं. या नोकरीचा मला फार तोरा होता.

मग एके दुपारी दुकानात एक जोडपं आलं. बाई दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर काम करायच्या. आलेल्या प्रत्येकाला 'वाचून सही करा' असं बजावून बजावून त्यांना सगळंच वाचायची सवय लागली होती. त्यांचे यजमान बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. चोवीस वर्षं. माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जायचं, म्हणून सगळे त्यांना भोंगा म्हणत. त्यांनाही ते आवडायचं.

भोंग्याच्या घशात गाठ निघाली होती. सहा आठवड्यांनी स्वरयंत्र काढायचं होतं. 'तोवर रोजची वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा,' असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. 'नंतर बटण दाबलं की लॅपटॉप तुमच्या आवाजात बोलेल.' लॅपटॉप त्यासाठीच घ्यायचा होता.

"एक वर्षाची वॉरंटी आहेच," विक्रेता म्हणाला. "वर आणखी दोन वर्षांची घेऊन टाका, काकू. मग डोक्याला ताप नाही."

"त्यात काय काय येतं?"

"आपटलं, पाणी सांडलं तर नाही. बाकी आतलं सगळं धरून."

"आतलं सगळं? नक्की?"

"आतलं सगळं, काकू."

"अगं, माझ्या घशाला एका दिवसाची वॉरंटी नाही," भोंगा म्हणाले, "आणि तू या डब्याला तीन वर्षांची घेतेस?"

बाईंनी घेतली. विक्रेता बोर्डाबद्दल, पडद्याबद्दल, पंख्याबद्दल बोलत होता. बाई आवाजाबद्दल ऐकत होत्या. खोटं कोणीच बोललं नाही.

घरी आतल्या खोलीच्या खिडकीला गादी उभी करून लावली, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून. भोंगा टेबलाशी बसायचे आणि समोर बाई वही घेऊन. पाणी दे. पंखा बंद कर. माझा चष्मा कुठे आहे? मला बरं वाटत नाहीये. बाई ओळीवर खूण करायच्या आणि पुढचं वाक्य वाचून दाखवायच्या. पण भोंगा मध्येच खाकरून सुरू करायचे, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी..."

"अहो, घरात कुठली गाडी लागणार आहे? कामाचं बोला!"

"हे माझं कामच आहे," असं म्हणून त्यांनी सगळ्या घोषणांची यादी अगदी वर, पहिल्या नंबरला ठेवली. घरातली वाक्यं तिच्या खाली.

एकदा बाई म्हणाल्या, "याची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवू या का?"

"तीन वर्षांची वॉरंटी घेतलीस ना? आतलं सगळं धरून? मग आता कशाला?" भोंगा चिडवायला म्हणाले, पण बाईंना ते पटलं. मी खालून ऐकत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो असं आज म्हणावंसं वाटतं, पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते पटलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई औषधं आणायला गेल्या. भोंगा एकटे बसले. मग त्यांनी एकच वाक्य रेकॉर्ड केलं, वहीत नसलेलं, आणि यादीच्या अगदी तळाला ठेवून दिलं. ते मी ऐकलं. पण ते त्यांचं होतं, म्हणून मी इथे सांगत नाही.

ऑपरेशन नीट झालं. घरी परतलेल्या भोंग्याच्या गळ्यातल्या छिद्रातून नुसता वारा यायचा. ते एका बोटाने बटण दाबायचे आणि लॅपटॉप खणखणीत म्हणायचा, 'पंखा बंद कर!' बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "उठा आणि तुम्हीच करा!" भांडणंसुद्धा माझ्या डोक्यावर पूर्वीसारखी व्हायला लागली. आणि घुश्शात आले की भोंगा फलाट क्रमांक चारची घोषणा लावून मोकळे व्हायचे. तळाचं वाक्य मात्र दीड वर्षात त्यांनी एकदाही लावलं नाही. दोन-तीनदा बोट तिथपर्यंत गेलं आणि मागे आलं.

मग एका सकाळी लॅपटॉप उघडला तो काळाच. दाबून पाहिलं, चार्जर बदलून पाहिला, काही नाही. भोंग्याने बाईंकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. नुसता वारा.

"घाबरताय काय? वॉरंटी आहे," बाई म्हणाल्या. पहिलं वर्ष केव्हाच उलटलं होतं. वाढीव वॉरंटी घेतली नसती तर हात चोळत बसावं लागलं असतं. बाईंनी कपाटातून फाइल काढली. त्यांच्या चालण्यात ऐट होती आणि माझीही छाती फुगली होती.

सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवरच्या मुलीने मशीन तपासायला आत पाठवलं. मग येऊन सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय. वॉरंटीत बसतं, सील पण शाबूत आहे. नवीन बोर्ड बसवून देऊ, फुकट. इथे सही करा."

"बघा!" बाईंनी यजमानांना कोपर मारलं. मग चष्मा लावला आणि कागद वाचू लागल्या. वाचता वाचता थांबल्या. "हे काय? 'मशीनमधली माहिती नष्ट झाल्यास कंपनी जबाबदार नाही.'"

"माहिती जुन्या बोर्डावरच असते, काकू. तो बोर्ड कंपनीत जमा होतो."

"पण आतलं सगळं धरून म्हणाले होते."

"आतले भाग," मुलगी हळूच म्हणाली.

बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता, मी उलटा पडलो होतो. मग भोंग्याने पेन उचललं. ते सही करणार होते. बाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा."

"काकू, बाहेर कुठे उघडून घेतलंत तर मग आम्हाला हात लावता येणार नाही," मुलगी म्हणाली. "सील गेलं की वॉरंटी संपली."

तिथून बाईंनी मशीन थेट तारवाल्याकडे नेलं. हा गृहस्थ पूर्वी बसस्थानकाचे भोंगे दुरुस्त करायचा, आता जिन्याखालच्या गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करतो. ज्या आवाजासाठी त्याने चोवीस वर्षं तारा जोडल्या, तो आवाज आता त्याच्या टेबलावर बंद पडला होता.

"वहिनी, स्पष्ट सांगतो," तो म्हणाला. "खटपट केली तर बोर्ड थोडा वेळ जागा होईल. किती वेळ, देवाला ठाऊक. तेवढ्यात निघेल तेवढं आपलं. नाहीच झाला तर आवाजही नाही आणि नवीन बोर्डही नाही. निम्मी आशा धरा. आणि सील मी काढणार नाही. ते घरच्या माणसाने काढायचं. मागाहून मला बोल नको."

मशीन बंद पडल्यापासून भोंग्याने लिहून बोलायला गळ्यात पाटी अडकवली होती. ती ओढून त्यांनी लिहिलं, 'राहू दे. नवीन घे.'

"तुम्ही गप्प बसा!" बाई कडाडल्या, आणि आपण काय बोललो ते कळून तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. भोंग्याचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. बाईही हसल्या, मग रडल्या, आणि डोळे न पुसताच त्यांनी माझ्या कडेला नख लावलं.

मी भ्यायलो, हे कबूल करतो. दीड वर्ष घट्ट धरून बसणं एवढंच मला येत होतं. आणि त्या क्षणी मनापासून वाटलं की माझा डिंक सुटावा, पटकन सुटावा. मी सुटलो. 'रद्द' म्हणालो. बाईंनी मला टेबलाच्या कडेला चिकटवलं आणि तिथून मी पहिल्यांदाच माणसांची तोंडं नीट पाहिली.

तारवाल्याने झाकण काढलं. भिंग लावून तो बोर्डावर वाकला. तीन वेळा मशीन जागं झालं आणि तीनदा मेलं. चौथ्यांदा पंखा फिरला, पडदा उजळला. "आलं! आता हलू नका. वरून सुरू करतो."

भोंग्याने त्याचा हात पकडला. पाटीवर लिहिलं, 'शेवटून घे.'

"अरे, वर तुझ्या घोषणा आहेत! चोवीस वर्षांच्या!"

भोंग्याने 'शेवटून'खाली रेघ मारली. मग आणखी एक.

तारवाल्याने शेवटून सुरू केलं. मशीन आजारी, एकेक वाक्य रखडत बाहेर येत होतं. पंख्याचा आवाज चिरका झाला. बाई पदराचं टोक पिळत होत्या. चष्म्याचं वाक्य आलं. पंख्याचं आलं. पाण्याचं आलं. घरातली अजून दहा-बारा वाक्यं उरली असतील, तेवढ्यात पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला. पुन्हा तो उजळला नाही.

घोषणा गेल्या. फलाट क्रमांक चारची गाडी कायमची सुटली. ज्या बाई तिच्यावर दीड वर्ष वैतागत होत्या, त्याच आधी म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाड्या..."

तारवाल्याने एक जुना, कोणाचा तरी वापरलेला लॅपटॉप पुढे ओढला. त्याला ना वॉरंटी, ना सील. वाचलेलं सगळं त्याने त्यात भरलं. भोंगा खुर्चीवर बसले, यादीच्या तळाशी गेले. या वेळी बोट मागे आलं नाही.

'अगं, तुझंच बरोबर होतं.'

तोच आवाज. बाई आ वासून बघत राहिल्या.

"काय? पुन्हा म्हणा."

'अगं, तुझंच बरोबर होतं.'

"हे कधी केलंत?"

याचं उत्तर यादीत नव्हतं. भोंग्याने पाटी घेतली, 'तू औषधं आणायला गेली होतीस,' असं लिहिलं आणि पुन्हा बटण दाबलं.

आता मी त्या जुन्या लॅपटॉपच्या पाठीवर आहे. बाईंनीच चिकटवलं, थोडा वाकडा. पोटातला शब्द उघडा पडलाय, कडा निघतायत, आणखी सहा महिने टिकलो तर पुष्कळ. मी कशाचाही पहारा करत नाही. वाचलेल्या वाक्यांच्या तीन प्रती बाईंनी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. एक दवाखान्यातल्या त्यांच्या खणात आहे.

वाढीव वॉरंटी घ्यावी का, असं मला विचाराल, तर खुशाल घ्या. मशीन मोडलं तर नवा बोर्ड मिळेल, ते खरं आहे. फक्त दुकानदार 'आतलं सगळं' म्हणाला की त्याला विचारा, म्हणजे नक्की काय. आणि तुमचं जे आतलं आहे, त्याची प्रत आजच काढा.

वरती बाई कशावरून तरी भांडतायत. भोंगा उत्तर देत नाहीयेत, बोट खाली खाली नेतायत. आता ते वाक्य येईल. हल्ली ते दिवसातून चार वेळा येतं, आणि दर वेळी बाई म्हणतात, "ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणा."