तीन एक्स-रे, एकही ओळ नाही

ऑस्ट्रेलियातल्या विराबिला गावात दातांचा दवाखाना एकच, गार्थ पेनरोजचा. कुणीही गेलं की आधी मशीनपुढे उभं करायचं, हनुवटी टेकवायची, मशीन डोक्याभोवती फिरणार, पूर्ण जबड्याचा एक्स-रे तयार. दुखतंय काय, ते नंतर! तुम्हीही कुठेतरी अशीच गुपचूप हनुवटी टेकवली असेल.

शाळेची बस चालवणारी लोरेन मंगळवारी आली. खालचा ओठ पंधरा दिवस बधिर होता.

"टेकव हनुवटी," मदतनीस बेव्ह म्हणाली.

"परत? मार्चमध्ये काढलास की! माझं थोबाड एवढं आवडतं होय गं तुला?"

आतून गार्थ ओरडला, "दर सहा महिन्यांनी सगळ्यांचाच काढतो, लोरेन. पद्धत आहे आपली."

पण ओठ बधिर म्हटल्यावर बेव्हचा हात बटणावरच थांबला. तीस वर्षं ती या कामात; जबड्यातली नस दबली की ओठ असा बधिर होतो, हे तिला ठाऊक होतं. तिने आत जाऊन लोरेनचे जुने तीन एक्स-रे कॉम्प्युटरवर लावले.

"गार्थ, इकडे ये. आत्ता!"

पहिल्यात उजव्या जबड्यात वाटाण्याएवढा काळा डाग. दुसऱ्यात द्राक्षाएवढा. मार्चच्या एक्स-रेत तर अक्रोडाएवढा!

गार्थचा चेहरा उतरला. "मी फक्त किडलेले दात बघत होतो गं..."

"मग सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढलास कशाला? आधी तोंडात बघायचं. कारण असेल तरच काढायचा, आणि काढलाच तर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून काय दिसलं ते लिहायचं. नियम तुलाही पाठ आहेत. तू लिहिलंस काय? 'एक्स-रे काढला.' बास! आणि बटण दाबत होते मी. मीही कधी विचारलं नाही."

गार्थ हळूच म्हणाला, "आज नवा काढू. आजच दिसलं म्हणून सांगू."

बेव्हने मार्चचा एक्स-रे स्क्रीनभर मोठा केला. त्या डागापुढे त्याला खोटं बोलवेना. शेवटी त्यानेच लोरेनला आत बोलावलं आणि तिन्ही एक्स-रे दाखवले.

"ही गाठ दीड वर्ष इथेच होती. मी बघितलंच नाही. चूक माझी आहे, लोरेन."

"तू म्हणालास सगळं ठीक आहे. तीनदा म्हणालास!"

"हो."

"कॅन्सर?"

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण जबड्याचा तुकडा काढावा लागेल बहुतेक. तेव्हाच दिसलं असतं, तर छोट्या ऑपरेशनमध्ये भागलं असतं."

लोरेन ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मग शाळेची बस कोण चालवणार?" एवढंच म्हणाली.

गार्थने तिच्यासमोरच सिडनीच्या हॉस्पिटलला फोन लावला. नंतर आठवडाभर दवाखाना बंद ठेवून तो आणि बेव्ह गावातल्या प्रत्येकाचा जुना एक्स-रे बघत बसले. आता तिथे आधी तोंड उघडायला सांगतात.

मशीन नुसतं चित्र काढतं हो, बघावं माणसालाच लागतं! म्हणून पुढच्या वेळी हनुवटी टेकवण्याआधी विचारा, कशासाठी? आणि काढल्यावर म्हणा, आता समोर बसून दाखवा. डॉक्टर चिडला तर चिडू दे.

लोरेनची गाठ कॅन्सरची निघाली नाही. पण जबड्याचा तुकडा गेला, आणि ओठ अजून बधिरच आहे.