आतल्या बाजूचं बटण

अश्विनीने रॅकमध्ये नवा डबा बसवला आणि शेवटचा स्क्रू आवळला, तेवढ्यात पाठीमागे दार लागलं. आवाज फार मोठा नव्हता. फ्रिजचं दार लागावं तसा, रबरावर रबर बसल्याचा.

"कोण हाय रं?" बिरदेव ओरडला.

उत्तर आलं नाही. बाहेर क्रेट सरकवल्याचे आवाज झाले, मग टेम्पो सुरू होऊन लांब गेला. दार लागू नये म्हणून ठेवलेलं प्लास्टिकचं क्रेट गेणू टेम्पोवाल्याने इतर रिकाम्या क्रेटांबरोबर उचलून नेलं होतं. आत माणसं आहेत हे त्याने पाहिलंही नसेल.

राजुरीजवळच्या त्या कोल्ड स्टोरेजच्या आत, पॅकिंगच्या हॉलला लागून ही आठ बाय दहाची खोली होती. इंटरनेटची सगळी यंत्रं, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि बॅटरीचा यूपीएस इथेच. भिंती कोल्ड स्टोरेजच्याच, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या. खिडकी नाही. पुण्याच्या कंपनीतून अश्विनी आली होती ती इथे देखरेखीचं यंत्र जोडायला. ते जोडलं की थंड खोल्यांचं तापमान, कॅमेरे, लाईन चालू की बंद, सगळं पुण्याच्या स्क्रीनवर दिसणार होतं. बिरदेव इथला इलेक्ट्रिशियन, पंचावन्नच्या पुढचा. तो सकाळपासून तिच्या हाताखाली केबल ओढून देत होता.

अश्विनीने दार ढकललं. ते हललं नाही. दाराशेजारी आतल्या बाजूला एक हिरवं बटण होतं. बिरदेव पुढे झाला, ते एकदा दाबलं, दोनदा दाबलं, आणि मग बोट न उचलता तसाच उभा राहिला.

"बिघडलंय का?"

"हां. जरा अडतंय ते."

तिने फोन काढला. रेंज नव्हती. या पत्र्यांतून यायची नाहीच. वायफायचा डबा लांब ऑफिसात होता आणि तिचा लॅपटॉपही तिथेच चार्जिंगला. यंत्राचं सेटिंग आधीच झालेलं, त्यामुळे आत येताना तिने पान्हे आणि स्क्रूड्रायव्हर तेवढे घेतले होते.

"कोणीतरी येईलच ना?"

"आज शनिवार," बिरदेव म्हणाला. "बाया बारालाच गेल्या. वाडीची यात्रा हाय. उद्या सुट्टी." मग तो म्हणाला, "सोमवारी येत्याल. घरच्यास्नी वाटंल, मी यात्रंतच ऱ्हायलो."

घरी, पिंपळवंडीला, अश्विनीने सकाळी घोडेगावचं काम सांगितलं होतं. वाटेत फोन आला आणि काम बदलून राजुरी झालं. ती इथे आहे हे घरी माहीत नव्हतं, माहीत होतं ते पुण्यातल्या आदेशला. आदेश तिथे स्क्रीनसमोर बसायचा, आणि तासाभरापूर्वीच तिने त्याला सांगितलं होतं, की आज दिवसभर राजुरी लाल, म्हणजे बंद, दिसली तर लक्ष देऊ नकोस, मी जोडाजोडी करतेय.

तेवढ्यात लाईट गेली.

एसीचा आवाज थांबला. अंधारात रॅकवरचे बारके हिरवे दिवे तेवढे उरले आणि यूपीएस पिकपिक करू लागला. पाठीमागच्या बाजूला धडधडत जनरेटर सुरू झाला.

"आला की जनरेटर. आता लाईट येईल," अश्विनी म्हणाली.

"त्यो फकस्त थंड खोल्यांना हाय. हितं न्हाई दिला." बिरदेवचा आवाज बदलला होता. तिने मोबाईलचा उजेड पाडला. तो दाराला पाठ लावून खाली बसला होता आणि शर्टाची वरची बटणं सोडत होता.

"काका, काय होतंय?"

"काय न्हाई. जरा वारं पायजे."

यूपीएसच्या छोट्या पडद्यावर अडतीस मिनिटं दिसत होती. नंतर रॅक बंद, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी एकुलती एक तारही बंद. तिने पुन्हा बटण दाबून पाहिलं. मग स्क्रूड्रायव्हरने त्याचं झाकणच उघडलं. आत तार नव्हती. भिंतीतलं भोक रिकामं होतं.

"काका, याची वायर कुठंय?"

बिरदेवने मोबाईलच्या उजेडापासून तोंड फिरवलं.

"मीच काढली," तो म्हणाला. "दिवाळीच्या आदी. बटण अडकून पडायचं, दार आपोआप उघडायचं. आण्णा मालक म्हनलं, नीट कर. मी वायर काढून त्यांच्या बंगल्याच्या गेटच्या बेलला लावली. म्हनलं नवी आणतो, उद्या करतो. मग सगळ्यांनी क्रेट लावायची सवय केली, आन् माझ्या बी डोक्यातनं गेलं." तो दमून थांबला. "दोन मिन्टाचं काम व्हतं ताई."

सकाळपासून तो तिला मॅडम म्हणत होता. अश्विनीच्या ओठांवर रागाचे शब्द आले होते. पण ते गिळून तिने मोबाईलचा उजेड त्याच्यावरून बाजूला केला.

"मी ईस वर्षांचा असताना हिरीत गाडलो व्हतो," तो म्हणाला. "शिनोलीकडं हीर खंदत व्हतो. कड ढासळली. छातीपातुर माती. दुपारधरनं दिवस मावळंपातुर तसाच. तवापासनं म्हनलं, काम करायचं तर जमिनीच्या वरचं. घरच्यांनी मेंढरं इकून इलेक्ट्रिकचा कोर्स करू दिला." तो हसायला गेला पण ते जमलं नाही.

"श्वास हळू घ्या. हवा पुष्कळ आहे," ती म्हणाली. किती आहे ते तिला माहीत नव्हतं.

ती रॅकसमोर जाऊन उभी राहिली. आदेशने तिच्याच सांगण्यावरून डोळे झाकलेले. पण एक गोष्ट आदेशने पाहण्यावर अवलंबून नव्हती. मालकांनी, सयाजीअण्णांनी, ऑर्डर देताना एकच हट्ट धरला होता: थंड खोलीचं तापमान कळेनासं झालं तर मला थेट फोन आला पाहिजे, मध्ये माणूस नको. दहा मिनिटं आकडा आला नाही की पुण्याच्या मशीनवरून त्यांना आपोआप फोन जाणार होता. अजून यंत्र जोडलेलंच नव्हतं, म्हणून आकडाही सुरू नव्हता. आधी जोडायचं, आकडा जाऊ द्यायचा आणि मग तोडायचं.

"थंड खोलीत माल आहे ना?"

"द्राक्षं हायेत. दोन्ही खोल्यांत. शेवटचा लॉट."

"मग उजेड धरा."

बिरदेव उठला नाही, पण बसल्या जागेवरून त्याने हात वर करून मोबाईल धरला. उजेड हलत होता. अश्विनीने पॉवरची वायर लावली. डब्यावरचा दिवा नारिंगी झाला आणि तसाच राहिला. तो सुरू व्हायला चार मिनिटं लागतात हे तिला पाठ होतं, तरी ती त्याच्याकडे पाहत राहिली. तोवर तिने स्विचची केबल जोडली, मग दोन्ही खोल्यांच्या सेन्सरच्या तारा एकेक करून चापात बसवल्या. घाम डोळ्यांत जात होता. सवयीने तिने केबल गुंडाळून पट्ट्याने बांधलीसुद्धा, आणि बांधून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

दिवा हिरवा झाला. एक मिनिट तिने आकडा जाऊ दिला. मग दोन्ही तारा उपटल्या. यूपीएसवर चोवीस मिनिटं होती.

"आता?" बिरदेवने विचारलं.

"आता दहा मिनिटं थांबायचं. मग अण्णांना फोन जाईल."

"आण्णा शिनोलीला गेल्यात. लेकीच्या सासरी." तो विचार करून म्हणाला, "आन् फोन आला की ते आदी मलाच लावणार."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचा फोन त्याच्या खिशात, रेंजशिवाय पडलेला होता.

मग बिरदेव रांगत रॅकच्या मागे गेला. केबली भिंतीतून बाहेर जायच्या तिथे जमिनीलगत एक भोक होतं, फोम भरून बुजवलेलं. त्याने स्क्रूड्रायव्हरने तो फोम उकरायला सुरुवात केली. पिवळे तुकडे त्याच्या गुडघ्यांवर पडत होते. लिंबाएवढी जागा झाली तशी त्याने तिथे तोंड लावलं आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला. अश्विनीने भोकाशी फोन धरून पाहिला. बाहेरचा हॉलही पत्र्याचाच. रेंज आली नाही. जनरेटरचा आवाज मात्र मोठा झाला.

दहा मिनिटं झाली. बारा झाली. यूपीएसवर अकरा राहिली.

"नसंल आला फोन," बिरदेव म्हणाला.

"आला असेल."

"आन् आण्णांनी हितल्या कुनाला लावला तरी यात्रंत ढोल वाजत्याती. कुनाला ऐकू जायाचं?"

आदेशने राजुरीचे आपोआप जाणारे फोनही बंद करून ठेवले असतील का, हा विचार तिला आधीच येऊन गेला होता. तो तिने बिरदेवला सांगितला नाही.

आठ मिनिटं उरली तेव्हा बाहेर चपलांचा आवाज झाला. भोकातून बॅटरीचा उजेड हलताना दिसला आणि बाईचा आवाज आला, फोनवर मोठ्यानं बोलणारा. "एक नंबरच्या दारावर एक डिग्री दावतंय आण्णा. दोनला बी एकच. बरूबर हाय. न्हाई, बिरदेव न्हाई हितं, यात्रंला गेला आसंल."

"कुशाबाई!" बिरदेव भोकात तोंड घालून ओरडला. "कुशाबाई, थांब, जाऊ नको!"

कुशाबाई कोल्ड स्टोरेजच्या मागेच राहायची आणि हंगामात द्राक्षं निवडायला यायची. आवाज कुठून येतो ते तिला कळेना. ती हॉलभर फिरली, मग जमिनीवर बसून भोकापाशी आली.

"आत काय करताय तुमी?"

"कोंडलोय. दार बाहेरनं उघडतं, पण बोट माझं, आण्णांचं न्हाईतर मॅनेजरचंच चालतं. तुझं चालायचं न्हाई. आयक, दाराजवळचा काळा डबा हाय ना, बोट लावायचा? त्याच्या खाली एक स्क्रू हाय. त्यो काढ."

"कशानं काढू?"

अश्विनीने आपला छोटा स्क्रूड्रायव्हर भोकातून बाहेर ढकलला. बिरदेवच्या आवाजातली थरथर गेली होती हे तिच्या लक्षात आलं. तो कामाचं बोलत होता.

"निघाला," कुशाबाई लांबून ओरडली. "लई वायरी हायेत आत."

"हिरवी आन् पांढरी वड. दोन्ही उघड्या कर, दातानं सोल. मग एकमेकीला लाव."

"करंट बसंल की."

"बारा व्होल्टचा हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी बसत न्हाई. लाव लवकर, बॅटरी संपली तर कुलूप उघडायचं न्हाई."

यूपीएसची पिकपिक भराभर होऊ लागली होती. पडद्यावर तीन मिनिटं होती. बाहेर शांतता झाली, मग काहीतरी खाली पडलं, कुशाबाई स्वतःशीच पुटपुटली. अश्विनीने दोन्ही तळवे दारावर टेकवले आणि सगळं वजन टाकलं.

खट्.

ती हॉलमध्ये जवळजवळ पडलीच. बिरदेव तिच्या मागून आला, पण थांबला नाही. हॉल ओलांडून, शटरखालून वाकून थेट बाहेर उन्हात गेला आणि तिथे जमिनीवर बसला. कुशाबाई अजून दोन वायरी चिमटीत धरून उभी होती.

"सोडू का आता?" तिने विचारलं.

पाणी पिऊन झाल्यावर अश्विनीने आदेशला फोन लावला. "हो, लाल आलं होतं," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना लक्ष देऊ नको." तिने बरं म्हणून फोन ठेवला. मग सयाजीअण्णांचा आला. माल ठीक आहे का, त्यांनी विचारलं, आणि ठीक आहे म्हटल्यावर, तुम्ही ठीक आहात का.

"आहोत," ती म्हणाली. "पण आतलं बटण चालू झाल्याशिवाय मी काम पूर्ण झालं म्हणून सही देणार नाही."

लाईट तासाभराने आली. तोवर बिरदेवने बंगल्यावर जाऊन बेलची वायर सोडवून आणली होती. त्याने ती भिंतीतून ओवली, नवं बटण बसवलं, बाहेरच्या डब्याचा स्क्रू लावला. अश्विनी हॉलमधल्या टेबलावर रिपोर्ट लिहीत होती. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"त्यात लिवा," तो म्हणाला. "वायर कुनी काढली ते."

"गरज नाही काका."

"लिवा. आण्णांना मी सांगीनच, पण कागदावर असू द्या."

तिने लिहिलं. मग म्हणाली, "बटण तपासायला लागेल. दार लावून. मी जाते आत."

"तुमी न्हाई." त्याने दाराकडे पाहिलं. कुशाबाईने क्रेट आणून लावलं होतं. ते त्याने पायाने बाजूला सारलं, आत गेला, आणि तिच्याकडे न पाहता दार ओढून घेतलं.

रबरावर रबर बसलं. अश्विनी दारासमोर उभी राहिली. आतून काही आवाज येईना. तिने बोटाच्या डब्याकडे पाहिलं. तिचं बोट त्यावर चालणार नव्हतं. हिरवी आणि पांढरी, ती मनात म्हणाली.

कुलूप खट् वाजलं आणि दार उघडलं. बिरदेवच्या कपाळावर घाम होता.

"चालतंय," तो म्हणाला. "अजून एकदा बघू का?"

"बघा," अश्विनी म्हणाली.

त्याने दार पुन्हा ओढून घेतलं.